माथेरानची जुनी हॉटेलं: कोण टिकलं, कोण गेलं आणि का?

रानहळद
माथेरानमधली एकेकाळची नावाजलेली किती हॉटेलं आज त्याच जागी आणि त्याच नावाने चालू आहेत? मला पटकन आठवतात ती दोन, रगबी आणि लॉर्ड्स सेंट्रल. बाकी आई-मावशीच्या बोलण्यात जी नावं येतात ती शोधायला गेलं की तिथे एकतर वेगळ्याच नावाचा रिसॉर्ट असतो, नाहीतर नुसती कंपाउंडची भिंत आणि आत झाडी माजलेली.
गाव तसं जुनं नाही. मे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने वर चढले, मग गव्हर्नर एल्फिन्स्टनने लक्ष घातलं, बंगले झाले, हॉटेलं झाली. पावणेदोनशे वर्षांत एवढी नावं पुसली जावीत याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईला इतकं जवळ, गाड्यांना बंदी, म्हणजे जमिनीवर मोठ्या शहरासारखा दबाव नाही, मग इथे तरी हॉटेलं टिकायला हवी होती. का टिकली नाहीत? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. कुठल्या जागी आधी काय होतं याची एक यादीच करूया असं डोक्यात आहे.

घाटवाट
टिकत नाही कोण म्हणतं? माकडं पिढ्यान्पिढ्या त्याच हॉटेलांत मुक्कामाला आहेत आणि चेकआउट करत नाहीत 😀

डेक्कन_पॅसेंजर
माझ्या मते उत्तर रुळांत आहे. हॉटेल चालतं ते वर माणसं पोचतात कशी यावर, आणि माथेरानला पोचायची वाट सतत बदलत आली. 1856 ला जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत गेली, तेव्हापासून मुंबईचा माणूस आगगाडीने नेरळला उतरायला लागला. पण पुढचा चढ पालखीत, तट्टावर नाहीतर पायी. म्हणजे आलेला माणूस दोन दिवसांत परत फिरणारा नव्हताच, नोकरचाकर, पेट्या, बिछाने घेऊन महिनाभर राहणार.
मग नेरळ-माथेरान छोटी गाडी, म्हणजे आपली टॉय ट्रेन. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1901 ते 1907 या काळात बांधली, 16 लाख रुपये खर्च आला, दोन फुटी रूळ. गाडी आली आणि मध्यमवर्ग वर आला. महिन्याचा मुक्काम आठवड्यावर आला. पुढे टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत (तिथून पुढे गाड्यांना बंदी) जायला लागल्या आणि आठवड्याची एक रात्र झाली. आता सांगा, महिनाभर राहणाऱ्या कुटुंबासाठी बांधलेला मोठ्या व्हरांड्याचा, वेगळ्या स्वयंपाकघराचा बंगला एका रात्रीच्या गिऱ्हाइकाला काय कामाचा? त्याला टीव्ही हवा, गीझर हवा आणि सकाळी 10 ला निघायचं असतं.
त्यात छोट्या गाडीचाही भरवसा नाही. जुलै 2005 च्या पावसात मार्ग वाहून गेला, 2007 ला सुरू. मे 2016 मध्ये डबे घसरले, बंद. 2019 च्या पावसात परत मार्ग उखडला आणि नेरळपासून पूर्ण गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. ज्या हॉटेलवाल्याने 2004 ला कर्ज काढून रंगरंगोटी केली असेल त्याचं काय झालं असेल विचार करा.

सीझन_बॉय
डेक्कन_पॅसेंजर यांचं खरं आहे, पण पाऊस राहिला की हो. माझे वडील माथेरानच्या एका हॉटेलात मॅनेजर होते, हॉटेल आता नाही, नाव लिहीत नाही कारण मालकांची मुलं अजून मुंबईत आहेत आणि वडिलांना त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. आम्ही राहायचो कर्जतला, पण सुट्टीत मी वरच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हॉटेल बंद करायचं ते दसऱ्याच्या सुमाराला उघडायचं. बंद करणं हेच एक मोठं काम असायचं. पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून गवताच्या तट्ट्या बांधायच्या नाहीतर पाऊस जांभ्यातून सरळ आत येतो. गाद्या पलंगावर उभ्या करून ठेवायच्या, भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत. चादरी, टेबलक्लॉथ पत्र्याच्या पेट्यांत डांबराच्या गोळ्या टाकून. आरशांवर वर्तमानपत्र चिकटवायचं. आणि एक माळी मागे राहायचा, त्याने दर आठ दिवसांनी जेवणाच्या हॉलमध्ये शेगडी पेटवून धूर करायचा.
इतकं करूनही ऑक्टोबरमध्ये दार उघडलं की पहिला वास बुरशीचा. खुर्चीचा वेत हिरवा, वायरिंग गेलेलं, दोन-चार दारं फुगून चौकटीत अडकलेली. मग पंधरा दिवस सुतार, रंगारी, पत्रेवाला. वडील म्हणायचे, "सीझनचा पहिला महिना आपण पावसासाठी कमावतो."
आता गंमत बघा, हा खर्च दर वर्षी. एक वर्ष मालक म्हणाला यंदा तट्ट्या नकोत, तर त्या वर्षी भिंत फुगते. दोन वर्षं तेच केलं तर वाशाला वाळवी. तीन वर्षं बंद राहिलं तर ते हॉटेल परत उघडत नाही, लिहून घ्या. माथेरानमध्ये हॉटेल पाडायला बुलडोझर लागत नाही (आणि तो वर येणारही नाही), कुलूप लावलं की झालं.

मुग्धा_के
सीझन_बॉय, फार सुंदर लिहिलंय. अजून लिहा ना. सामानाचं काय झालं हॉटेल बंद पडल्यावर?

सीझन_बॉय
मुग्धाताई, चांगला प्रश्न विचारलात, त्याचीच गोष्ट सांगायची होती. वर एक टेबल चढवायचं म्हणजे हमाल नाहीतर हातगाडी, दस्तुरीपासून तांबड्या रस्त्याने. खाली आणायचं तरी तेवढाच खर्च. म्हणून हॉटेल बंद पडलं तरी सामान डोंगर उतरत नाही. शिसवी कपाटं, काचेच्या हंड्या, बिलियर्डचं टेबल, सगळं वरच्या वर विकलं जातं, ह्या हॉटेलातून त्या हॉटेलात. आमचं हॉटेल बंद झालं तेव्हा जेवणाच्या हॉलच्या खुर्च्या तीन ठिकाणी गेल्या. पुढे कितीतरी वर्षांनी बाजारातल्या एका साध्या लॉजमध्ये चहा प्यायलो, तर बशीच्या काठावर निळ्या अक्षरात आमच्या हॉटेलच्या नावाचं आद्याक्षर! त्या लॉजच्या मालकाला ते कुठलं याचा पत्ता नव्हता, त्याने ती भांडी त्याच्या आधीच्या मालकाकडून घेतलेली. दारं-खिडक्यांचंही तेच. जुन्या सागवानी दारांच्या बिजागऱ्या नीट बघा, एकाच दाराला दोन वेगवेगळ्या घरांच्या खुणा असतात, जुन्या कडीची भोकं लाकडाने बुजवलेली दिसतात.
म्हणून मला रानहळद यांच्यासारखं "सगळं गेलं" असं वाटत नाही. हॉटेल जातं, पण त्याचा माल गावभर पसरून जगतो.

सातबारा
पाऊस, गाडी सगळं मान्य पण मूळ कारण कागदात आहे. माथेरानमधल्या बहुतेक जमिनी सरकारी भाडेपट्ट्याच्या. बाजारातले छोटे प्लॉट वेगळे आणि जंगलातले मोठे बंगल्याचे प्लॉट वेगळे. पट्टा दिला राहण्यासाठी, हॉटेल चालवलं तर शर्तभंग. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, त्यात वारस. मूळ पट्टेदार वारला, त्याला पाच मुलं, त्यातली दोन परदेशात, एक वारलेला, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय काही हलत नाही. तोपर्यंत वाळवी थांबत नाही.
त्यात फेब्रुवारी 2003 ला केंद्र सरकारने माथेरान इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग, जाहीर केला. माझं स्पष्ट मत, तो झाला नसता तर आज तिथे झाडं राहिली नसती, कोर्टात लढणाऱ्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे उपकार आहेत आपल्यावर. पण परवानग्या कडक झाल्या की काय होतं, ज्याला प्रामाणिकपणे जुनी इमारत दुरुस्त करायची तो कागद घेऊन फिरत बसतो आणि ज्याला पत्र्याच्या चार खोल्या रातोरात उभ्या करायच्या तो करून मोकळा होतो. पाडायला आले की तोही मोकळा. अशा हॉटेलांना इतिहास कुठून येणार.

पंचगंगा_वाई
महाबळेश्वरला हेच. मी वाईची, लहानपणापासून बघतेय. तिकडे तर जागाच अदलाबदलीची. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना 1829 ला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगरावरची जमीन घेतली आणि बदल्यात आमच्या वाईजवळचं खंडाळा दिलं. म्हणून बाजारपेठेला माल्कमपेठ. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या छत्रपतींनी बांधला, 1842 चा.
तिथेही भाडेपट्टे, तिथेही शर्तभंगाच्या नोटिसा, आणि महाबळेश्वर-पाचगणीचा इको झोन तर तुमच्याआधी, जानेवारी 2001. पाऊस तुमच्याहून जास्त, तट्ट्यांना आमच्याकडे कोळमाचं गवत वापरायचे. तरी तिकडे जुनी नावं जरा जास्त टिकली असं मला वाटतं, फ्रेडरिक, रेसव्ह्यू, दीना. कारण गाडी दारापर्यंत जाते, सिमेंटची गोण दारात उतरते, दुरुस्ती परवडते. म्हणजे रानहळद म्हणतात त्याच्या बरोबर उलट झालं. गाड्यांना बंदी म्हणून माथेरानची झाडं वाचली आणि गाड्यांना बंदी म्हणूनच हॉटेलं पडली. मला दोन्हीत झाडं वाचलेली जास्त आवडतील 🙂

रानहळद
पंचगंगा, हे मला सुचलंच नव्हतं. विटेचा वाहतूक खर्च विटेपेक्षा जास्त, असंच ना?

सीझन_बॉय
हो. वाळूही घोड्यावरून. पाणीसुद्धा फुकट नाही, शार्लोट लेक पुरत नाही म्हणून खाली नेरळहून पंपाने चढवतात.

खाबूगिरी
सगळे इतके गंभीर का झालेत? माथेरानच्या हॉटेलांचा इतिहास जेवणावरून लिहा, सोपं पडेल. खोलीच्या भाड्यात सकाळचा चहा, नाश्ता, दोन्ही जेवणं आणि चारचा चहा हे सगळं धरलेलं, ही पद्धत वरती अजून बऱ्याच ठिकाणी आहे. कारण पूर्वी बाहेर खायला होतंच काय. त्यामुळे हॉटेल कोणाचं त्यावर पाहुणा ठरायचा. पारशी हॉटेल असेल तर धनसाक, साली बोटी, शेवटी कस्टर्ड. गुजराती हॉटेल असेल तर फरसाण, उंधियू, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकाच मजल्यावर अख्खं कालबादेवी. पारशी कुटुंबं कमी होत गेली, गुजराती कुटुंबं वाढत गेली, तशी हॉटेलांची स्वयंपाकघरं बदलली. बंगला तोच, पाटी तीच, पण ज्या दिवशी स्वयंपाकी बदलला त्या दिवशी माझ्या दृष्टीने ते हॉटेल संपलं.
लॉर्ड्स सेंट्रलला जेवलोय मी, दरीकडे तोंड करून. त्यांचं कॅरामल कस्टर्ड अजून आठवतं.

घाटवाट
खाबू काका धाग्यावर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. कुठल्याही विषयाला पानात वाढतात.

खाबूगिरी
अरे वाढलेलं खातोस की बाबा दरवेळी.

देवदार_दून
थोडं अवांतर. मी नोकरीनिमित्त डेहराडूनला. मसुरीत ब्रिटिशांच्या काळातलं शार्लेव्हिल नावाचं मोठं हॉटेल होतं. आज तिथे काय आहे माहितीये? लालबहादूर शास्त्री प्रशासन अकादमी. 1959 मध्ये सरकारने अकादमी तिथे नेली. म्हणजे देशातले कलेक्टर एका हॉटेलच्या आवारात शिकून तयार होतात. उलट 1902 ला उघडलेलं सॅव्हॉय बरीच वर्षं खंगत होतं, मग मोठ्या डागडुजीनंतर परत हॉटेल म्हणून उभं राहिलं. तर हॉटेल संपतं ते प्रत्येक वेळी पडूनच संपतं असं नाही, कधी ते दुसरंच काहीतरी होतं. माथेरानला असं झालेलं आहे का, हॉटेलचं शाळा, सॅनिटोरियम वगैरे?

मुग्धा_के
उलटं झालेलं माहीत आहे. बंगल्याचं हॉटेल. कॅप्टन बार यांचा बंगला, गावातल्या सगळ्यात पहिल्या काही बंगल्यांपैकी. नीमराणा या हॉटेल कंपनीने तो घेऊन 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' नावाने चालवला, नंतर चालवणारे बदलले आणि नावही बदललं. आम्ही नीमराणाच्या काळात राहिलो होतो. खोल्यांना मुंबईच्या जुन्या मान्यवरांची नावं, व्हरांड्यात मोठ्या खुर्च्या आणि दुपारभर नुसती झाडं. टीव्ही नव्हता आणि मुलांनी तक्रार केली नाही. त्यामुळे डेक्कन_पॅसेंजर, एका रात्रीच्या गिऱ्हाइकाला जुना बंगला नकोच असतो हे मला पटत नाही. नीट चालवला तर लोक पैसे मोजून तेच मागतात.

डेक्कन_पॅसेंजर
मोजणारे किती, हा प्रश्न आहे. असा बंगला गावात एक-दोन चालतील, वीस नाही चालणार.

तांबडीवाट
मी माथेरानचा. चौथी पिढी. सगळं वाचलं. तुम्ही सगळे प्रेमाने लिहिताय म्हणून लिहितो, राग मानू नका.
हॉटेल बंद पडलं की तुम्हाला नाव गेल्याचं दुःख होतं. आमच्याकडे त्या हॉटेलबरोबर माळ्याची खोली जाते. माळी म्हणजे झाडांना पाणी घालणारा नव्हे, बंगल्याचा रखवालदार, त्याचं कुटुंब मागच्या आउटहाउसमध्ये तीन-तीन पिढ्या राहिलेलं असतं, त्याच्या नावावर एक वीट नसते. मालक मुंबईला. विक्री झाली की नवा मालक म्हणतो खोली रिकामी करा. गावाची लोकसंख्या बघा, 2001 च्या जनगणनेत पाच हजारांच्या वर होती, 2011 ला साडेचार हजारांच्याही खाली. माणसं नेरळला उतरली.
दुसरं म्हणजे ती जुनी साहेबी हॉटेलं कोणासाठी होती तेही बघा. पालखी उचलायला आमचे ठाकर-धनगर, रिक्षा ओढायला आमची माणसं. भाई कोतवाल माथेरानचेच, 1912 चा जन्म, नाभिक कुटुंबातले, वकील झाले, नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. गावाचा इतिहास सांगताना आमच्या तोंडी पहिलं नाव त्यांचं येतं, मॅलेटचं नाही.
आणि माणसाने माणसाला ओढायची रिक्षा, परवाना असलेल्या 94, ती बंद करा म्हणून सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, सहा महिन्यांची मुदत देऊन. म्हणजे स्वातंत्र्यानंतर 78 वर्षांनी. माझे आजोबा ओढायचे. मला त्या रिक्षेचं काडीचंही आकर्षण नाही. जुनं टिकलं पाहिजे म्हणताना हे पण जुनंच होतं हे लक्षात असू द्या. ई-रिक्षा आल्या, त्या ओढणाऱ्यांच्याच हातात राहिल्या पाहिजेत, एवढं मागणं.

रानहळद
तांबडीवाट, राग कसला, हेच लिहायला हवं होतं कोणीतरी. यादी करायची तर प्रत्येक जागेपुढे माळ्याच्या कुटुंबाचंही लिहायचं. त्यांना मालकांपेक्षा जास्त माहिती असणार.

सातबारा
असतेच. मी एका पट्ट्याच्या कामासाठी गेलो होतो, कागदावर प्लॉट सापडेना. माळ्याच्या आईने हात करून चार कोपरे दाखवले, कुठे दगड पुरलाय ते सुद्धा. मोजणीत तिचेच कोपरे बरोबर निघाले.

पंचगंगा_वाई
तांबडीवाट दादा, रिक्षेबद्दल शंभर टक्के. हॉटेलांबद्दल एकच विचारते, गावातल्या लोकांनी स्वतः चालवलेली हॉटेलं टिकतात का?

तांबडीवाट
ताई, तीच तर टिकली. बाजारातली लॉज, खाणावळी, घराच्याच दोन खोल्या वाढवून भाड्याने दिलेल्या. मालक तिथेच झोपतो, पहिला थेंब आत आला की तोच पत्र्यावर चढतो. मार्च 2020 ला सगळं बंद पडलं, मोठ्या हॉटेलांनी कामगार घरी पाठवले, काहींनी परत बोलावलेच नाहीत. घरगुती खोल्यावाले सप्टेंबरात झाडू मारून परत उभे. पण त्यांची नावं तुमच्या गाइडबुकात कधी नव्हती, त्यामुळे ती टिकली हे कोणाच्या लक्षात येत नाही.

डेक्कन_पॅसेंजर
मग रानहळदच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं दिसतंय की मालक डोंगरावर राहतो का खाली, यावर सगळं आहे. गाडी, पाऊस, कागद हे सगळ्यांनाच सारखे. माझं रुळांचं म्हणणं मी सोडत नाही, पण तांबडीवाट यांचा मुद्दा जास्त वजनदार आहे.

सातबारा
थांबा, पट्टा संपला तर वर राहणाऱ्या मालकालाही नोटीस येते. राहणं पुरेसं नाही. फक्त तो नोटिशीला उत्तर द्यायला वेळेत हजर असतो हे खरं.

रानहळद
यादीचं काम सुरू करते. आतापर्यंत एवढं ठरवलंय: इमारतीच्या नावाने न जाता जागेने जायचं, कारण नावं बदलतात, प्लॉट बदलत नाही. सातबारा, प्लॉटचे जुने नकाशे कुठे बघायला मिळतील?

सातबारा
माथेरानला अधीक्षकांचं कार्यालय आहे, पट्ट्यांचा कारभार तिथून. घरपट्टीचं रजिस्टर नगरपरिषदेत. दोन्हीकडे रीतसर अर्ज करा, काय बघायचं ते नेमकं लिहा, "इतिहासासाठी" असं मोघम लिहिलं तर अर्ज तसाच पडून राहतो. सोबत जुनी पत्रं, बिलं असतील तर न्या. जुन्या हॉटेलच्या बिलावर बऱ्याचदा बंगल्याचं मूळ नाव छापलेलं असतं.

सीझन_बॉय
वडिलांच्या पेटीत दोन बिलबुकं आणि एक जेवणाचं छापील कार्ड आहे. स्कॅन करून टाकतो शनिवारी. खाबूगिरी, कार्डावर कस्टर्ड आहे 😀

खाबूगिरी
माणूस देवासारखा धावून आला.

तांबडीवाट
जुन्या फाटकांच्या खांबांवर संगमरवरी पाट्या अजून आहेत, सगळ्या नाही पण आहेत. अर्ध्या पाट्यांवर चुना फासलाय, ओल्या फडक्याने पुसलं की अक्षरं दिसतात. मी पॅनोरमाच्या वाटेवरच्या आणि बाजाराच्या मागच्या बाजूच्या टिपून आणतो. रानहळदताई, तुम्ही येणार असाल तर मेअखेरीच्या आत या. एकदा पाऊस लागला की जोत्यांवर गवत आणि वेली इतक्या चढतात की कुठे जोतं आणि कुठे बांध ते मलासुद्धा सांगता येणार नाही.